केबलच्या पाकिटावर एवढे तरी छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात संगणक विभागाची प्रयोगशाळा सांभाळते. आमच्याकडे पदविकेच्या शेवटच्या वर्षाला मोबाइल ॲप तयार करण्याचा विषय असतो आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा ऐन उन्हाळ्यात येते. त्या आठवड्यात मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, "मॅडम, फोन डिटेक्टच होत नाही." मुलाने प्रोग्रॅम नीट लिहिलेला असतो, संगणकावर तो विनातक्रार तयारही होतो, पण केबल लावूनही संगणकाला फोन दिसत नाही, आणि बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे पाहत बसतात. हा प्रश्न वरवर आमच्या चार भिंतींतला वाटेल. परंतु त्याचे मूळ बाजारात राजरोस विकल्या जाणाऱ्या एका साध्या वस्तूत, म्हणजे चार्जिंगच्या केबलीत, आहे आणि त्याचा भुर्दंड संगणकाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनाही बसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. अँड्रॉइडचे ॲप लिहून झाल्यावर ते चालते की नाही हे पाहण्याचे दोन मार्ग असतात. संगणकाच्याच पडद्यावर एक आभासी फोन उभा करावा, ज्याला एम्युलेटर म्हणतात, किंवा खरा फोन केबलने जोडून ॲप त्यावर उतरवावे आणि त्यातल्या चुका संगणकावर बसून शोधाव्यात. या चुका शोधण्यालाच डीबगिंग म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेतील बहुतेक संगणकांची स्मृती (रॅम) फक्त चार जीबी आहे. त्यावर एम्युलेटर सुरू केला की चहा पिऊन यावे, तरी तो उघडलेला नसतो. त्यामुळे मुले आपले किंवा घरच्यांचे फोन आणतात, आणि ग्रामीण भागातील अनेक संस्थांची स्थिती यापेक्षा फार वेगळी नसावी. संगणक आणि फोन यांच्यामध्ये निरोप्याचे काम 'एडीबी' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करतो. जोडलेल्या फोनची यादी त्याला मागितली आणि यादी कोरी आली, की तपास सुरू होतो.

मागच्या एका उन्हाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याने आंब्याच्या हिशेबाचे ॲप केले होते. वाशीच्या बाजारात किती पेट्या गेल्या, त्यांत पाच डझनी किती आणि सहा डझनी किती, दलालाकडून आलेल्या पट्टीत भाडे आणि हमाली किती कापली, हे सगळे त्यात भरता येत होते. कल्पना त्याची स्वतःची होती, कारण वडिलांची वहीच त्याने लहानपणापासून पाहिली होती. त्याच्या स्वतःच्या फोनचा पडदा फुटल्यामुळे त्याने परीक्षेसाठी वडिलांचा फोन आणला. परीक्षेच्या दोन दिवस आधी फोन संगणकाला जोडला जाईना. मी त्या दिवशी दुसऱ्या तुकडीच्या परीक्षेत अडकले होते. मुलगा घाबरून गावातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि तिथे त्याला सांगण्यात आले की, फोनचे सॉफ्टवेअर बिघडले आहे, फॉरमॅट मारावा लागेल. तो मारला गेला. ऐन हंगामात वडिलांच्या फोनमधले गिऱ्हाइकांचे क्रमांक गेले, पेट्यांचे फोटो गेले, पैसे येण्याजाण्याचे ॲप पुन्हा नव्याने नोंदवावे लागले, आणि एवढे करून फोन संगणकाला जोडला गेला नाही तो नाहीच. तो जोडला जाणार कसा? फॉरमॅट केल्यामुळे डीबगिंगची जी परवानगी मुलाने आधी फोनमध्ये चालू करून ठेवली होती, तीही बंद झाली होती. म्हणजे फोन आधी होता त्याहून एक पायरी मागे गेला. आपल्याकडे म्हणतात ना, आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, तसलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खणातली एक जुनी, मळकी केबल लावली, परवानगी पुन्हा चालू केली आणि दोन मिनिटांत फोन यादीत आला. मुलाची केबल नवीकोरी होती, एस.टी. स्थानकाजवळून सत्तर रुपयांना घेतलेली. त्याच्या परवानगीने मी ती कात्रीने मधोमध कापली. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये निदान चार तारा असायला हव्यात. लाल आणि काळी वीज नेण्यासाठी असते, हिरवी आणि पांढरी माहितीची ने-आण करण्यासाठी. या केबलच्या जाड, कापडी वेष्टनात आतून लाल आणि काळी अशा दोनच बारीक तारा निघाल्या. बाकीची जागा दोऱ्याने भरलेली होती. या केबलने फोन वर्षभर निमूटपणे चार्ज झाला असता. संगणकाशी मात्र तो जन्मात बोलला नसता, कारण बोलण्यासाठी लागणाऱ्या तारा त्यात नव्हत्याच. पाकीट मुलाकडे शिल्लक होते. त्यावर एका चकचकीत फोनचे चित्र, 'फास्ट' हा शब्द आणि किंमत एवढेच होते. ही केबल केवळ चार्जिंगची आहे, हे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते.

अशी केबल बनवणे हा गुन्हा आहे, असे मला म्हणायचे नाही. कित्येकांना केवळ चार्जिंगच हवे असते, आणि परक्या ठिकाणी तर माहितीच्या तारा नसलेली केबल अधिक सुरक्षितच. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली फसवणुकीच्या प्रकारांवर जी पुस्तिका काढली, तीत सार्वजनिक चार्जिंगच्या जागी केबलवाटे फोनमधील माहिती चोरली जाण्याचा धोकाही सांगितला आहे. माझे म्हणणे एवढेच की, विकणाऱ्याने काय विकतो आहे ते सांगावे आणि घेणाऱ्याला काय घेतो आहे ते कळावे.

फोन जोडला जात नसेल तर पहिला प्रश्न फोनला न विचारता केबलला विचारावा, आणि तो विचारायला पैसा लागत नाही. विंडोजचा संगणक असेल तर केबल लावताच तो एक ठरावीक आवाज करतो. हा आवाज आला म्हणजे माहितीच्या तारांवरून काहीतरी बोलणे झाले. मग दोष असलाच तर तो पुढे, सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण ओळखण्यासाठी संगणकाला लागणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहे. फोनवर चार्जिंगचे चिन्ह आले आणि संगणक मुका राहिला, तर केबल, ती खोवण्याची खोबण किंवा पिना यांपैकी कशात तरी दोष आहे आणि सेटिंगमध्ये तासभर बोटे घालून काही उपयोग नाही. आता प्रयोगशाळेतल्या संगणकांना स्पीकर कुठून असणार, हा प्रश्न रास्त आहे. आम्ही विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजरची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीची, खिडकी उघडी ठेवतो. माहितीच्या तारा शाबूत असतील तर केबल लावताक्षणी ती यादी एकदा लवते आणि नव्याने भरते. या एका खुणेने आमच्याकडील निम्म्याहून अधिक तक्रारी उभ्या उभ्या निकालात निघतात.

केबल चांगली असूनही आवाज येत नाही, असेही होते, आणि त्याचे कारण मला समजले तेव्हा गंमत वाटली. संगणकाच्या बाजूचा जो चपटा, रुंद प्लग असतो, त्याच्या आत डोकावून पाहिले तर चार सोनेरी पट्ट्या दिसतात. त्यांतल्या कडेच्या दोन, म्हणजे विजेच्या, पट्ट्या मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात आणि मधल्या दोन, माहितीच्या, थोड्या आखूड. हेतू हा की प्लग खोवताना वीज आधी पोहोचावी. परिणाम असा होतो की, प्लग पूर्ण आत गेला नाही तर लांब पट्ट्या टेकतात, आखूड पट्ट्या टेकत नाहीत, आणि फोन चार्ज होत राहतो पण दिसत नाही. आमच्या जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या खोबणी पत्र्याच्या मागे किंचित आत सरकलेल्या आहेत, तिथे हे हमखास घडते. शिवाय पुढच्या खोबणी आतल्या एका वायरीने मदरबोर्डला, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीला, जोडलेल्या असतात आणि ती वायरही सैल झालेली असू शकते. म्हणून मुलांना मी सांगते की, केबल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या खोबणीत लावावी, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन घालू नये, आणि प्लग शेवटपर्यंत दाबावा.

फोनच्या बाजूची, आता सर्वत्र आलेली टाइप-सी खोबण याहून मजेशीर आहे. ती उलटसुलट कशीही बसते, हा तिचा गुण सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्यात वीज नेणाऱ्या पिना दोन्ही अंगांना असतात आणि केबलच्या प्लगमध्ये माहितीच्या नेहमीच्या दोन पिना मात्र एकाच अंगाला असतात. फोनच्या खोबणीत त्यांच्यासाठी वर आणि खाली अशा दोन जोड्या ठेवलेल्या असतात. त्यांतली एक जोडी खराब झाली, तर प्लग एका बाजूने लावल्यावर फोन दिसतो आणि उलटा लावल्यावर दिसत नाही. चार्जिंग मात्र दोन्ही बाजूंनी होते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाने आणि दमट हवेने या पिनांवर हिरवट थर चढतो, खिशातले सुती तंतू तळाशी दाबून बसतात. "प्लग काढ, उलटा करून लाव" असे मी सांगते तेव्हा मुलांना ती चेष्टा वाटते, आणि फोन यादीत दिसला की तीच मुले माझ्याकडे मांत्रिकाकडे पाहावे तशी पाहतात. खोबण साफ करायची असेल तर फोन आधी बंद करावा आणि कोरडी लाकडी काडी हलक्या हाताने वापरावी. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नये.

इथवरचे सगळे तारांचे आणि पिनांचे झाले. पुढचा भाग परवानग्यांचा आहे, आणि तिथे लोकांना फोन बिघडला असे वाटते, पण प्रत्यक्षात तो शहाणपणाने वागत असतो. डीबगिंग ज्या 'डेव्हलपर पर्याय' नावाच्या पानावर चालू करावे लागते, ते पान २०१२ साली आलेल्या अँड्रॉइड ४.२ पासून लपवलेले आहे. फोनविषयीच्या माहितीत जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवल्यावरच ते दिसू लागते. पुढच्याच वर्षी ४.२.२ या आवृत्तीपासून आणखी एक पहारा बसला. संगणक प्रथम जोडला की तो फोनला आपली एक सांकेतिक किल्ली दाखवतो, आणि या संगणकाला परवानगी द्यायची का, असे फोन आपल्या पडद्यावर विचारतो. २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून तर केबल लावल्यावर फोन केवळ चार्ज होतो. फाइली द्यायच्या असतील तर वरची सूचनापट्टी खाली ओढून तसे सांगावे लागते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे सांगितल्याशिवाय डीबगिंगही सुरू होत नाही, तर काहींमध्ये यूएसबीवाटे ॲप बसवण्याची परवानगी वेगळी द्यावी लागते. आयफोनवालेही सुटलेले नाहीत. तिथे संगणकावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न आहेच, आणि २०२२ सालच्या आयओएस १६ पासून 'डेव्हलपर मोड' वेगळा चालू करून फोन पुन्हा सुरू करावा लागतो.

एडीबीच्या यादीत फोनच्या अनुक्रमांकापुढे 'अनऑथराइज्ड' (परवानगी नाही) असा शब्द आला, की मुले संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसतात. उत्तर फोनच्या पडद्यावर असते. फोन कुलूपबंद आहे, पडदा काळा आहे, आणि परवानगीचा चौकोन त्या काळ्या पडद्याआड ताटकळत उभा आहे, हे दृश्य मी दर वर्षी पाहते. कुलूप उघडून 'परवानगी द्या' म्हटले की काम होते. चौकोन येतच नसेल, तर डेव्हलपर पर्यायांमध्ये जाऊन आधी दिलेल्या सर्व परवानग्या रद्द कराव्यात, केबल काढून पुन्हा लावावी, म्हणजे तो नव्याने येतो. अँड्रॉइड ११ पासून, एखादा संगणक सात दिवस जोडला गेला नाही तर त्याला दिलेली परवानगी आपोआप रद्द होते. त्यामुळे "मागच्या आठवड्यात चालत होते" ही तक्रार खरी असते आणि तिच्यामागे बिघाड नसतो.

इथे माझ्याच व्यवसायबंधूंना एक गोष्ट सांगायची आहे, कारण ही चूक मीही केली होती. त्या चौकोनात 'या संगणकाला नेहमी परवानगी द्या' अशी एक चौकट असते आणि घाईत सगळे तिच्यावर खूण करतात. घरच्या संगणकासाठी ते ठीक आहे. प्रयोगशाळेतील संगणकावर एकाच खात्याने साठ मुले बसतात. म्हणजे एकाने दिलेली कायमची परवानगी इतर एकोणसाठ जणांनाही मिळते. त्याहून वाईट म्हणजे, आम्ही एक संगणक तयार करून त्याची हुबेहूब नक्कल उरलेल्या सर्व संगणकांवर उतरवतो. एडीबीची ती सांकेतिक किल्ली वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एका फाइलीत असते. मूळ संगणकावर ती आधीच तयार झालेली असेल, तर नकलेबरोबर तीच किल्ली प्रत्येक यंत्रावर जाते आणि एका संगणकावर विश्वास ठेवलेला फोन तीसच्या तीस संगणकांवर विश्वास ठेवतो. नक्कल काढण्यापूर्वी ती फाइल पुसून टाकणे एवढाच त्यावरचा उपाय आहे, आणि आम्ही तो तीन वर्षे केला नव्हता.

केबल, खोबण आणि परवानगी यांपलीकडे उरणारे दोष थोडे आहेत. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह दिसले तर त्या फोनच्या कंपनीचा ड्रायव्हर बसवावा लागतो. मॅकवर त्याची गरज नसते. लिनक्सवर 'नो परमिशन्स' असे येते, तेव्हा वापरकर्त्याला यूएसबी उपकरण हाताळण्याचा अधिकार दिलेला नसतो, आणि तो एकदा दिला की प्रश्न संपतो. फोन 'ऑफलाइन' दाखवत असेल तर एडीबीचा सर्व्हर, म्हणजे संगणकावर मागे सतत चालणारा तिचा भाग, थांबवून पुन्हा सुरू करावा. एक दोष मात्र मला बराच काळ चकवत होता. फोनचा पडदा संगणकावर दाखवणारे काही प्रोग्रॅम आपली स्वतःची, बहुधा जुनी, एडीबी बरोबर आणतात. दोन वेगळ्या आवृत्त्या एकाच ५०३७ क्रमांकाच्या पोर्टसाठी, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलण्याच्या संगणकातील दारासाठी, भांडतात, एक दुसरीला मारून बसते, आणि यादीतला फोन ये-जा करत राहतो. असे होऊ लागले, की संगणकावर आणखी कोणता प्रोग्रॅम फोनशी बोलू पाहतो आहे, हे आधी पाहावे.

ज्यांच्या फोनची खोबणच निकामी झाली आहे त्यांच्यासाठी २०२० सालच्या अँड्रॉइड ११ पासून बिनतारी डीबगिंगची सोय आहे. फोन आणि संगणक एकाच वायफायवर असले आणि फोनवर दिसणारा सहा अंकी क्रमांक संगणकावर भरला की केबलीवाचून काम होते. मात्र पुष्कळ संस्थांच्या वायफायमध्ये एका उपकरणाला दुसरे दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते, ती सुरक्षेसाठी योग्यच आहे, पण तिच्यामुळे ही जोडणी होत नाही. आम्ही तिसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक आणि परीक्षार्थीचा फोन त्यावर आणतो. ज्यांच्या संगणकाला वायफायच नाही, त्यांना ही वाट बंद आहे, आणि आमचे बहुतेक संगणक तसेच आहेत.

घरच्यांचा फोन परीक्षेसाठी आणणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना एक सूचना. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग आणि डेव्हलपर पर्याय दोन्ही बंद करावेत. काही बँकांची ॲप हे पर्याय चालू दिसले की उघडतच नाहीत. त्या आंबेवाल्या गृहस्थांनी मला नंतर सांगितले की, फॉरमॅट होण्यापूर्वीही दोन दिवस त्यांचे बँकेचे ॲप उघडत नव्हते आणि त्यांना वाटत होते की बँकेचेच काहीतरी बिनसले आहे. मुलाने फोनमध्ये काय चालू केले, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. याची जबाबदारी माझ्याकडे येते; सूचनाफलकावर मी हे आता लिहून ठेवले आहे.

आता मूळ मागणीकडे येते. वेष्टनबंद वस्तूंसाठी २०११ चे वैध मापन नियम आहेत. त्यांनुसार पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, नगांची संख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे बंधनकारक आहे. रस्त्यावरच्या पाकिटांवर यांतले किती आढळते, हा वेगळा प्रश्न. परंतु नियम तंतोतंत पाळणारे पाकीटही 'यूएसबी केबल, एक नग' असे छापून मोकळे होऊ शकते आणि आत दोन तारा आहेत की चार, हे ग्राहकाला कळत नाही. पिठाच्या पिशवीवर गव्हाचे की ज्वारीचे, हे न लिहिता नुसते 'पीठ, एक किलो' असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सी खोबणी, प्लग आणि केबल यांच्यासाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३ : २०२२ हे मानक जाहीर केले. एकाच केबलने सगळी उपकरणे चालावीत, घराघरांत चार्जरांचे ढीग साचू नयेत, हा त्यामागचा विचार स्वागतार्ह आहे. या मानकातल्या सर्वांत साध्या टाइप-सी केबलीतही माहितीच्या तारा गृहीत धरलेल्या आहेत. पण मानक कागदावर असणे आणि एस.टी. स्थानकाजवळच्या टपरीवर टांगलेल्या केबलीने ते पाळणे, यांत अंतर आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी खोबण सक्तीची केली आणि खोक्यात चार्जर आहे की नाही, फोनला किती वॉट लागतात, हे दाखवणारी चिन्हेही सक्तीची केली. तिथेही भर आहे तो विजेवरच. सुट्या विकल्या जाणाऱ्या केबलीवर 'ही माहिती वाहून नेते' किंवा 'ही केवळ चार्जिंगसाठी आहे' असे सरळ लिहायला आपल्याला कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी ना नवे यंत्र लागते ना नवा कारखाना. पाकिटावर दोन शब्द लागतात, ते मराठीतही असावेत, आणि पाकीट फेकून दिल्यावरही कळावे म्हणून प्लगवर एक लहानशी खूण असावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आणि राज्याच्या वैध मापन यंत्रणेने याचा विचार करावा, अशी आपल्या पत्राद्वारे माझी विनंती आहे.

ते होईपर्यंत दुकानदारांनी निदान विचारणाऱ्याला खरे सांगावे, आणि दुरुस्तीच्या दुकानांनी गिऱ्हाइकाचा फोन फॉरमॅट करण्याआधी स्वतःची एक खात्रीची केबल लावून पाहावी. त्याला अर्धे मिनिट लागते. तंत्रनिकेतनांनी प्रत्येक प्रयोगशाळेत तपासलेल्या पाच-सहा केबली नोंदवहीत चढवून ठेवाव्यात. आमच्याकडे आता त्यांना हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, आणि परीक्षेच्या दिवशी त्या परीक्षकांच्या टेबलावर ठेवल्या जातात. कापलेल्या त्या केबलचे दोन तुकडे सूचनाफलकावर टाचणीने लावले आहेत, दोऱ्यासकट.

आपली,
तंत्रनिकेतनातील एक प्रयोगशाळा-निर्देशिका
जि. रत्नागिरी